लिहिल्यात तेवढ्याच गोळ्या

स्पर्धेला किती गोळ्या न्यायच्या, या प्रश्नावर माझं लग्न मोडलं. लोकांना हे पटत नाही. म्हणतात, असं कुठं असतं का देलिया, दुसरी कुणीतरी असेल, नाहीतर दारू असेल. दारू होतीच, पण ती काडतुसात भरायची.

माझा नवरा, म्हणजे तेव्हाचा, एल्विओ गाइस्ट. वोल्गा नदीकडून आलेल्या जर्मनांच्या वंशातला. आमच्या एन्त्रे रिओस प्रांतात या लोकांच्या हट्टाबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. मोडतील, पण वाकणार नाहीत. हा तर मोडतही नाही. नेम मात्र त्याचा असा, की प्रांतात त्याच्या तोडीचे दोघंतिघंच निघतील. हे मी आजही म्हणते, उगाच कशाला खोटं बोलू.

आमच्या खेळात एका जागी उभं राहून शांतपणे नेम धरायची चैन नसते. पळायचं, दार ढकलायचं, भिंतीआडून वाकून मारायचं, आणि घड्याळ चालू. कागदाच्या लक्ष्यावर दोन गोळ्या. लोखंडी पाटीवर एक, पण पाटी पडली पाहिजे. नाही पडली तर पुन्हा मारा, तिसऱ्यांदा मारा, कुणी अडवत नाही, फक्त वेळ जातो. प्रत्येक फेरीला कमीत कमी किती गोळ्या लागतील ते पंच लिहून ठेवतात. एल्विओला त्यातलं ‘कमीत कमी’ कधी दिसलंच नाही.

“लिहिल्यात तेवढ्याच न्यायच्या,” तो म्हणायचा. “जास्तीच्या नेणारा माणूस घरून निघतानाच चुकायचं ठरवून निघतो.”

स्वतःपुरतं म्हणाला असता तर मी ऐकून सोडून दिलं असतं. पण लग्नाच्या सगळ्या वर्षांत माझ्याही गोळ्या तोच मोजून द्यायचा. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी माझा डबा टेबलावर, त्यात मोजून टाकलेली काडतुसं, वर झाकण. पोराला शाळेचा डबा द्यावा तसं. आणि मी घेऊन जायचे! एकदा पराना शहरात, सगळ्या प्रांतासमोर, शेवटची पाटी माझ्याकडून चुकली आणि पिस्तूल रिकामं झालं. पाटी उभी आणि मीही उभी. मागून याचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, “नेमच नसेल तर गोळ्या काय कामाच्या?” लोक हसले. मी त्याच आठवड्यात बहिणीकडे राहायला गेले ती गेलेच.

याला आता चार वर्षं झाली. भांडीकुंडी, गाडी, कुत्रा, सगळ्याची वाटणी झाली, पण काडतुसं भरायचं यंत्र कुणी सोडेना. शेवटी ते क्लबाच्या मागच्या खोलीत नेऊन बसवलं. मंगळवारी तो भरतो, गुरुवारी मी. दारूचं माप ठरवणारा एक स्क्रू आहे त्याला. चार वर्षांत तो ना त्याने हलवला, ना मी. मी हलवला असता तर तो म्हणाला असता, बघा, हिला जुनं माप झेपेना. त्याने हलवला असता तर मीही हेच म्हटलं असतं. दारूही क्लबातल्या त्याच एका डब्यातली आणि शिसंही त्याच माणसाकडचं. म्हणजे माणसं वेगळी झाली, काडतुसं काही झाली नाहीत.

यंदाची ऑक्टोबरातली स्पर्धा साधी नव्हती. कोर्दोबाला होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी प्रांताच्या संघात एकच जागा उरली होती, आणि ती एल्विओला किंवा मला, जो वर येईल त्याला मिळणार होती. तीन वर्षं मी त्याच्या पाठोपाठ दुसरी येत होते. त्यात त्याने क्लबात सांगून ठेवलं होतं की संघात उधळी बाई नको, एका पाटीला दोन-दोन गोळ्या घालते. मला ती जागा हवी होती. सत्तावन्न वर्षांची आहे मी, गुडघा कुरकुरतो, पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं?

सकाळी मी गाडीतून माझा डबा उतरवला. कागदावर सहा फेऱ्यांच्या मिळून एकशे चाळीस गोळ्या होत्या. मी तीनशे नेल्या होत्या. डबा उतरवताना मी वाकलेली बघून तुर्को हसायला लागला. हा आमच्या गावचा कापडवाला, बंदुकीपेक्षा तोंड जास्त चालतं.

“काय गं देलिया, ब्राझीलवर स्वारी का?”

“नाही रे. तुझं तोंड बंद करायला एवढ्या तरी लागतील.”

“आणि एल्विओने बघ किती आणल्यात. खिशात मावतात!”

एल्विओ पलीकडे बाकावर माते, आमचा तो कडू चहा, पीत बसला होता. त्याने वर न बघता सांगितलं, “एकशे अठ्ठेचाळीस. आठ तपासणीच्या.”

तपासणी म्हणजे सकाळीच पंच प्रत्येकाच्या आठ गोळ्या काढून घेतात आणि त्यांचा वेग मोजतात. ज्या गोळ्या तपासल्या, त्याच घडणीच्या दिवसभर वापरायच्या, हा नियम. आठ विसरून फजिती झालेले पुष्कळ पाहिलेत मी, पण एल्विओ विसरणारा नव्हे. त्याचा हिशोब कधीच चुकत नाही. तेच तर त्याचं दुखणं आहे.

पाच फेऱ्या झाल्या तेव्हा तो माझ्यापुढे होता, पण अगदी नखभर. मी चार पाट्या दुसऱ्या गोळीला पाडल्या होत्या आणि प्रत्येक वेळी मागून तुर्कोने मोठ्याने मोजलं होतं. मोजू दे. पडल्या होत्या.

सहाव्या फेरीला अठ्ठावीस गोळ्या. अकरा कागद आणि सहा पाट्या, शेवटची पाटी लांब, बांधाला लागून, ताटलीएवढी. एल्विओ माझ्या आधी उतरला. काय मारलं त्याने! एक पाऊल वाया नाही, अठ्ठाविसावी गोळी सुटली आणि लांबची पाटी आडवी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या, पण हातात डबा होता. मनात म्हटलं, गेलं कोर्दोबा.

मग पंच तीनो गुण मांडायला पुढे गेला आणि एका कागदापाशी थांबला. दुसरी पाटी पडली की दोरी सुटून तो कागद झुलत बाहेर यायला हवा होता. दोरी खिळ्याला अडकून बसली होती. कागद आडोशातून पुरता बाहेर आलाच नव्हता.

“सामानाचा बिघाड,” तीनो म्हणाला. त्यालाच वाईट वाटत होतं. “ही धरता येत नाही, एल्विओ. फेरी पुन्हा मारावी लागेल. दोरी नीट करतो, तोवर मॅगझिनं भर.”

एल्विओने पट्ट्याला हात लावला. गोळ्या भरायची मॅगझिनं रिकामी होती. पिशवी रिकामी होती. सगळ्यांना ते एकदमच कळलं.

“माझ्या घे की!” तुर्को धावला. “नव्या आहेत, दुकानातल्या, पेटी फोडलेली नाही.”

तीनोने मान हलवली. “सकाळी तपासलेल्याच चालतात. दुकानातल्या वेगळ्या. नाही चालायच्या.”

मग हळूहळू एकेक जण माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या तपासलेल्या काडतुसांसारखी काडतुसं अख्ख्या प्रांतात एकाच माणसाजवळ होती, आणि ते माणूस त्या डब्यावर बसलेलं होतं.

एल्विओ माझ्याकडे बघत नव्हता. तो पट्टा सोडायला लागला. “शून्य लिही, तीनो,” म्हणाला. पडलो तरी नाक वर.

आता खरं सांगायचं तर मला फक्त गप्प बसायचं होतं. तो शून्यावर, मी कोर्दोबाला. पण असा संताप आला मला! चार वर्षं ज्याला हरवायचं म्हणून हात दुखेपर्यंत सराव केला, तो पट्टा सोडून घरी निघालाय, का, तर बायकोकडे गोळी मागावी लागेल. आणि उद्या क्लबात म्हणायला मोकळा, की देलियाने मला हरवलं नाही, खिळ्याने हरवलं.

मी उठले आणि डबा त्याच्यापुढे बाकावर आदळला.

“घे.”

“मी मागितल्या नाहीत.”

“तू मागशील त्या दिवशी जगबुडी होईल. घे म्हणते ना. तुझ्या शून्यावर पाय देऊन मला संघात जायचं नाहीये. मला तुला हरवायचंय.”

एल्विओने डब्यातून एक काडतूस उचललं आणि बोटांत फिरवलं.

“माप बदललं नाहीस?”

“तू बदललंस?”

“नाही.”

मग तो बाकावर बसला आणि मोजायला लागला. दोन-दोनच्या जोड्या लावत, ओठ हलवत. माझ्या डब्याजवळ बसून हा माणूस पुन्हा गोळ्या मोजत होता. अठ्ठावीस झाल्या आणि त्याने डबा माझ्याकडे सरकवला.

“अरे, अजून घे. दहा तरी घे.”

“लिहिल्यात तेवढ्या पुरेत.”

“एल्विओ, फुकट आहेत.”

“पुरेत म्हटलं ना.”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हा. मी मूठभर काडतुसं त्याच्यासमोर धरून उभी होते, लोकांसमोर, सत्तावन्न वर्षांची बाई. त्याने हात पुढे केला नाही. मी ती परत डब्यात टाकली.

पहिल्यापेक्षाही चांगलं मारलं त्याने. एकेक लक्ष्य जाताना मला दिसत होतं की आता मला पार पिसाट पळावं लागणार. झुलता कागद या वेळी बाहेर आला, त्यातही दोन्ही आत. पाच पाट्या पाच गोळ्यांत. मग बांधाजवळची ती शेवटची. गोळी सुटली आणि पाटीच्या खाली, बोटभर खाली, माती उडाली.

पिस्तूल रिकामं होऊन उघडंच राहिलं. पाटी उभी होती.

मागं कुणी हसलं नाही. एल्विओ तसाच हात पुढे करून उभा राहिला. तीनोने हळूच सांगितलं, “झालं असेल तर रिकामं करून दाखव.” त्याला ते दोनदा सांगावं लागलं.

मला आनंद झाला का? झाला. पण जेवढा व्हायला हवा होता त्याच्या निम्मादेखील नाही, आणि त्याचाही मला रागच आला.

मग माझी पाळी. मी चारही मॅगझिनं गळ्यापर्यंत भरली होती. गुडघा कुरकुरला, कुरकुरू दिला. तिसरी पाटी पहिल्या गोळीला हलली नाही, दुसरीला पडली. एका कागदावर एक बाहेर गेल्यासारखी वाटली, तिसरी घातली. धापा टाकत शेवटच्या आडोशाला पोचले. ती पाटी मला ताटलीएवढी नाही, बशीएवढी दिसत होती. पहिली गोळी, माती. दुसरी गोळी, माती. घड्याळ चालू आहे हे मला कळत होतं, मागे एल्विओ उभा आहे हेही कळत होतं. तिसरी गोळी, आणि लोखंडाचा तो आवाज.

वेळ माझा जास्त लागला. पण माझं उभं काही राहिलं नव्हतं. तीनोने दोनदा बेरीज केली आणि निकाल वाचला. मी वर होते, फार नाही, पण वर.

तुर्कोने मला मिठी मारली आणि म्हणाला, ब्राझीलला कळव, देलिया येतेय. कोळशावर चोरीसो, मसाला भरलेले सॉसेज, भाजत होते तिकडे सगळे निघाले. एल्विओ मागे राहिला. खाली वाकून माझ्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करत होता. त्याने त्या माझ्या पिशवीत टाकल्या.

“शेवटच्या पाटीला तीन लागल्या तुला,” तो म्हणाला.

“हो, तीन लागल्या.”

“पहिलीलाच पडायला हवी होती.”

मला वाटलं होतं की आज तरी मी भांडणार नाही. पण हे असलं ऐकून घ्यायचं म्हणजे काय!

“मी बहिणीकडे गेले,” मी म्हटलं, “त्या रविवारी तू आला होतास. दुपारी. दारावर एकदा वाजवलंस, थोडा वेळ उभा राहिलास आणि निघून गेलास.”

त्याचा चेहरा उतरला. “तू घरात होतीस?”

“दाराआडच उभी होते. दुसऱ्यांदा वाजवलं असतंस तर उघडणार होते.”

त्याने पिशवीचा बंद ओढला आणि म्हणाला, “मग तूच का नाही उघडलंस?”

“कारण नेम तुझा चुकला होता, माझा नाही.”

तिकडून तीनो मला हाका मारत होता, संघाच्या कागदावर सही हवी होती. मी डबा उचलला. अजून चांगला जड होता. एल्विओने धरायला हात पुढे केला. मी म्हटलं, राहू दे, मला झेपतो, आणि सही करायला गेले.