चकचकीत बाजू

वासंतीबाईंनी पाटावर आधी कोयती ठेवली, मग अडकित्ता, मग शिवणाची कात्री, आणि सगळ्यांना गंधाचं बोट लावत लावत त्या सीडीपाशी येऊन थांबल्या. सीडी पहाटे पुण्याच्या रातराणीने आली होती. त्यांच्या यजमानांनी, म्हणजे नानांनी, स्टँडवर ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभं राहून ती ताब्यात घेतली होती आणि दसऱ्याच्या झेंडूंबरोबर एकाच पिशवीतून घरी आणली होती.

हिची पूजा करायची की नाही, हा प्रश्न होता. ज्याच्यावर घरातलं काम चालतं ते सगळं दसऱ्याला पाटावर येतं. नानांचं शाईचं पेन येतं, अंगणातल्या स्कूटरला हार पडतो. सून अपूर्वा मात्र दिवसभर कंप्युटरसमोर बसायची, आणि त्याला काम म्हणावं की नाही याचा निकाल लग्नाला दीड वर्ष झालं तरी वासंतीबाईंच्या मनात लागला नव्हता. पगार नाही, साहेब नाही, रजा नाही. वर इंटरनेट चालू असलं की फोन अडकलेला, गुहागरच्या बहिणीने करावा तेव्हा एंगेज. शेजारच्या गोदूबाई कुंपणावरून विचारायच्या, "तुझी सून करते काय गो दिवसभर?" वासंतीबाई म्हणायच्या, "बसते कंप्युटरवर." नुसतं 'बसते' म्हणताना त्यांनाच कसंसं व्हायचं.

आज त्यांनी निकाल लावून टाकला. सीडी कागदी पाकिटातून बाहेर काढली. एका बाजूला स्केचपेनने काहीबाही खरडलेलं होतं, दुसरी बाजू आरशासारखी लखलखत होती. देवापुढे वस्तूचं तोंड हवं, पाठ कशाला? त्यांनी चकचकीत बाजू वर केली, अनामिकेने ओलं कुंकू टेकवलं, वर अक्षत वाहिली, नमस्कार केला. कुंकू सुकल्यावर अक्षत झटकून सीडी पुन्हा पाकिटात घातली आणि कंप्युटरच्या टेबलावर नेऊन ठेवली. अपूर्वा तेव्हा पुढच्या दाराला तोरण बांधत स्टुलावर उभी होती.

अपूर्वा मूळची पुण्याची. तिथली नोकरी सोडून ती रत्नागिरीत आली ती वासंतीबाईंच्या गंधारशी लग्न करून, आणि येताना बरोबर 'गलबत' घेऊन आली. कंप्युटर सुरू झाल्यावर त्याला चालवणारी जी मूळ व्यवस्था लागते, तिचाच लिनक्स हा एक प्रकार. फुकट घ्यावा, फुकट वाटावा, वाटल्यास कोणीही दुरुस्त करावा असा. त्याची मराठीतून बोलणारी आवृत्ती पंधराएक मंडळी आपापल्या घरी बसून बनवत होती. तिचं नाव 'गलबत'. हे नाव नागपूरच्या एका मुलाने सुचवलं होतं, आणि समुद्र त्याने फक्त नकाशात पाहिला होता.

यातली एक ओळही अपूर्वा लिहीत नसे. तिच्याकडे जमवाजमव होती. कोणाचं भाषांतर अडलंय, कोणाच्या प्रिंटरला अक्षरं उमटत नाहीत, कोण कोणावर रुसलंय हे सगळं पत्रापत्री करून सोडवायचं आणि शेवटी सगळ्यांकडून 'ठीक' आलं की नवी आवृत्ती जाहीर करायची. सीडीवर उतरवायची ती अख्खी फाइल, मंडळी जिला इमेज म्हणत, रत्नागिरीच्या फोनलाइनवरून उतरवून घ्यायची म्हटलं तर दिवाळी उजाडली असती. म्हणून पुण्याचा सलिल सीडी करून एसटीने पाठवायचा. जुन्या यंत्रावरची चाचणी मुद्दाम अपूर्वाकडे ठेवली होती, कारण तिच्याकडच्याइतका म्हातारा कंप्युटर दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

यंदाची आवृत्ती दसऱ्याच्या संध्याकाळी जाहीर करायची होती. तिने ती तारीख महिनाभर आधीच सगळीकडे कळवून ठेवली होती.

तोरण झाल्यावर अपूर्वा हात धुऊन टेबलापाशी बसली. सीडी कडेला धरून, लिहिलेली बाजू वर ठेवून तिने ड्राइव्हमध्ये सरकवली. गलबत कंप्युटरवर बसवून देणारा इन्स्टॉलर सुरू झाला. पडद्यावरची निळी पट्टी सावकाश पुढे सरकत राहिली. मध्ये ड्राइव्ह जरा खरखरला, पण पट्टी काही थांबली नाही. शेवटी पडद्यावर आलं, 'अभिनंदन! गलबत आता तुमच्या संगणकावर आहे.' तिने कंप्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पडदा काळा तो काळाच राहिला.

तिने पुन्हा केलं. पुन्हा अभिनंदन, पुन्हा काळोख.

शेजारच्या खोलीत जाऊन तिने गंधारला ऑफिसने घरी दिलेल्या कंप्युटरवरून सगळ्यांना दोन ओळींचं पत्र टाकलं, 'जुन्या यंत्रावर नापास, थांबा.' मग इंटरनेट तोडलं, म्हणजे फोन मोकळा होईल. तो लगेच वाजला.

"बाकी सगळीकडे पास झालंय," सलिल म्हणाला. इन्स्टॉलर त्यानेच लिहिला होता, त्यामुळे आवाज दुखावलेला. "नागपूर, नाशिक, सोलापूर. तुझा डबा म्हातारा झालाय, एवढंच."

"म्हाताऱ्या डब्यांसाठीच तर करतोय ना आपण?"

"अगं, पण संध्याकाळी सहा म्हणून सांगून बसलोय. लोक वाट बघतायत."

"मला जरा बघू दे. तोवर काही जाहीर करू नकोस."

तिने ड्राइव्ह उघडला, सीडी बाहेर काढली आणि उजेडाकडे धरून उलटी केली. चकचकीत बाजूवर कुंकवाचा टिळा होता. गरागरा फिरल्यामुळे त्याला एक बारीक शेपूट फुटलं होतं आणि मधोमध अक्षतेचा ठसा उमटला होता.

अपूर्वा बघतच राहिली. तिला आधी रागच आला. सकाळपासून सगळ्यांना घोर लावला तो या टिकलीएवढ्या डागाने! मग दारातून तिची नजर बाहेरच्या पाटावर गेली. कोयती, अडकित्ता, कात्री, पेन, आणि कडेला मोकळी राहिलेली जागा, तिथे फक्त चार अक्षता सांडलेल्या. सासूबाईंनी तिच्या कामाची पूजा केली होती. दीड वर्षात या घरात त्या कामाला कोणी काम म्हटलं नव्हतं. तिचे डोळे एकदम भरून आले, आणि हसूही आलं.

ओल्या कापसाने तिने डाग पुसला. सीडी पुन्हा लावली. या वेळी गलबत सुखरूप बसलं, कंप्युटर मराठीतून बोलायला लागला, आणि दुपारच्या जेवणाची ताटं मांडेपर्यंत सगळं पुन्हा तपासूनही झालं. तिने सलिलला फोन लावला.

"पास."

"सांगत नव्हतो? मग झालं काय होतं?"

दारात वासंतीबाई उभ्या होत्या. हातात श्रीखंडाची वाटी होती. सून जेवायला उठत नाही म्हणून चव दाखवायला आणलेली. अपूर्वाने त्यांच्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाली, "सीडीला डाग होता. माझ्याच हाताला काहीतरी लागलं असणार."

वासंतीबाईंनी वाटी टेबलावर ठेवली. टेबलावर लाल झालेला कापसाचा बोळा पडलेला होता. तो पाहून त्या आत गेल्या.

"मग सहाला सोडू या ना?" सलिल विचारत होता.

अपूर्वाने हो म्हणायला तोंड उघडलं होतं. तारीख पाळली असती, कोणी रुसलं नसतं, संध्याकाळी सोनं वाटताना तिचं मन हलकं असतं. पण ते 'अभिनंदन' तिच्या डोक्यातून जाईना.

"नको," ती म्हणाली. "सीडी वाचता येत नव्हती, तरी आपला इन्स्टॉलर अभिनंदन म्हणाला, सलिल. असं कसं?"

"डाग होता ना पण?"

"अरे, डाग पडणारच! ही सीडी खेडच्या दुकानात जाणार, गुहागरच्या शाळेत जाणार. कोणाचा हात तेलाचा, कोणाचा पोह्यांचा. तिथल्या मास्तरांना काळा पडदा दिसला की त्यांना वाटणार, आपल्याला जमत नाही. पुन्हा वाटेला जायचे नाहीत ते."

पलीकडे की-बोर्डची टकटक ऐकू आली.

"फाइल उतरली की नाही ते मी तपासतच नाहीये," सलिल शेवटी म्हणाला. "नुसता पुढे जातोय. च्यायला." मग, "दसरा चुकेल."

"चुकू दे. कोजागिरीला करू."

म्हणायला हे सोपं होतं. संध्याकाळपर्यंत तिच्याकडे पत्रांचा पाऊस पडला. एका डागासाठी एवढं थांबायचं का, असं सोलापूरहून आलं. नागपूरच्या मुलाने लिहिलं की गलबत काठावरच बुडालं. तिने एकेकाला शांतपणे उत्तर दिलं, कोणालाही लागेलसं काही लिहिलं नाही, आणि मग आपट्याची पानं घेऊन सासूसासऱ्यांच्या पाया पडली. वासंतीबाईंनी आशीर्वाद दिला, पण मान वर केली नाही. पुढचे दोन दिवस त्या कमीच बोलल्या. अपूर्वाला वाटलं, श्रीखंड तसंच राहिलं त्याचा राग आला असेल.

कोजागिरीच्या सकाळी नाना स्टँडवरून आले तेव्हा पाकिटात दोन सीड्या होत्या. पहिली अपूर्वाने लावली. ती विनातक्रार पास झाली. दुसरी तिने हातात घेतली आणि घुटमळली. नवा इन्स्टॉलर डाग ओळखतो की नाही हे बघायचं तर डाग पाडायला हवा, आणि पाडायचा तर तोच, तसाच. इकडेतिकडे बघून ती हळूच देवघरात शिरली. कुंकवाचा करंडा उचलते तोच कोपऱ्यातून आवाज आला.

"काय हवंय गो?"

वासंतीबाई भिंतीला टेकून वाती वळत बसल्या होत्या.

"काही नाही, आई. थोडं कुंकू हवं होतं."

वासंतीबाईंनी तिच्या दुसऱ्या हातातल्या सीडीकडे पाहिलं.

"कुठल्या बाजूला लावणारेस? चकचकीत?"

अपूर्वाने करंडा हळूच खाली ठेवला.

"त्या दिवशी दारात होते मी," वासंतीबाई म्हणाल्या. "'माझ्याच हाताला काहीतरी लागलं' म्हणालीस. तुझ्या हाताला कुठे काय लागलं होतं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलंच की. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही मला. एवढी माणसं ताटकळत ठेवली माझ्या एका बोटाने, आणि तू ते आपल्या अंगावर घेतलंस." त्यांनी पदराने डोळे टिपले आणि लगेच नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मग गंधारला विचारलं. तो म्हणाला, आई, तू कुंकू लावलं नसतंस तर ती चूक कोणाला सापडलीच नसती. खरं काय?"

"अगदी खरं."

"मग आण इकडे. तुझं तुला जमायचं नाही. माझ्या हातचं होतं ते."

त्या उठल्या, बोट ओलं केलं, आणि अगदी त्याच जागी, तेवढाच टिळा टेकवला. अक्षतही वाहिली, काही कमी पडायला नको. कुंकू सुकेपर्यंत दोघी देवापुढे थांबल्या, जशा वरणाला उकळी येईपर्यंत थांबतात. मग अपूर्वाने सीडी लावली. वासंतीबाई स्टूल ओढून तिच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी चष्मा चढवला. एरवी त्या या खोलीत केर काढण्यापुरत्या यायच्या.

निळी पट्टी सरकत गेली. ड्राइव्ह खरखरला. पट्टी थांबली, आणि पडद्यावर अक्षरं आली: 'सीडी नीट वाचता येत नाही. मऊ कापडाने पुसून पुन्हा लावा.'

"चांगलं सांगतो की," वासंतीबाई म्हणाल्या. "हे आधी सांगायला काय झालं होतं मेल्याला?"

अपूर्वा खळखळून हसली. मग तिने शेवटचं राहिलेलं काम काढलं, प्रत्येक आवृत्तीबरोबर जाणारं आभाराचं पान. त्यात माणसाचं नाव, गाव आणि त्याने काय केलं ते असायचं. वासंतीबाई बोट ठेवत एकेक ओळ वाचत खाली आल्या.

"इथे सीडीतली चूक शोधली म्हणून तुझं नाव आहे."

"हो."

"चूक मी शोधली ना?"

अपूर्वाने त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती; डोळ्यांत लहान मुलीची असावी तशी आशा होती, आणि ती लपवायची त्यांची खटपट चालली होती.

"तुम्हीच शोधलीत," अपूर्वा म्हणाली. तिने स्वतःचं नाव पुसलं आणि नवीन ओळ लिहायला घेतली. वासंतीबाई एकेक अक्षर उमटताना बघत होत्या. गावाच्या जागी रत्नागिरी आल्यावर त्यांनी मान डोलावली. कामाच्या जागी अपूर्वाने लिहिलं, 'चाचणी'.

कुंपणाकडून गोदूबाईंची हाक आली.

"वासंती, अगो आहेस कुठे? सकाळपासून पत्ता नाही तुझा. करतेस काय?"

वासंतीबाई स्टुलावरून उठल्या नाहीत. पडद्यावरची नजरही त्यांनी काढली नाही.

"मागाहून ये गो," त्या खिडकीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या. "आत्ता काम चाललंय आमचं."