माझ्या झाकणाची काच

मित्रांनो, मी एक जुना गोल ओव्हन आहे, आणि माझी खोड एकच आहे. माझ्या पोटात काय चालले आहे, हे मला नेहमी जाणून घ्यायचे असते. तुम्ही म्हणाल, पोट तुझेच ना, मग तुला कळत नाही? नाही कळत. तुम्हाला तरी कुठे कळते? माझ्या झाकणाला मात्र पूर्वी एक गोल काच होती. घरातली माणसे त्या काचेतून आत डोकावत, आणि मी त्यांचे चेहरे वाचत असे. डोळे मोठे झाले की केक फुगतो आहे. ओठ मुडपले की केक बसला.

नागपूरच्या एका लहानशा कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा दाबून मला गोल केले. खाली एक कॉइल, झाकणात एक कॉइल आणि बाहेर एक वायर, एवढाच माझा संसार. घड्याळ नाही, उष्णतेचा काटा नाही. लहानूभाऊंनी मला एसटीच्या टपावर दोरीने बांधून अहेरीला आणले. टपावर माझ्या शेजारी कोंबड्यांची टोपली होती. साऱ्या वाटेत त्या माझ्याकडे संशयाने बघत होत्या. लहानूभाऊंची बायको रुखमाबाई तेव्हा इथल्या दवाखान्यात नर्स म्हणून नुकतीच रुजू झाली होती. तिने मला ओट्यावर ठेवले, फडक्याने पुसले आणि काचेतून आत पाहिले. मी पाहिलेला तो पहिला चेहरा.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. चौदा एप्रिलला केक, बुद्धपौर्णिमेला नानकटाई, आणि मधल्या दिवसांत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फर्माइशी. अहेरीचे वोल्टेज मात्र मोठे लहरी. उन्हाळ्यात घरोघरी कूलर सुरू झाले की माझी कॉइल जेमतेम कोमट व्हायची. रुखमाबाईने त्यावर तोडगा काढला होता. ती आधी ओट्यावरच्या पिवळ्या बल्बकडे बघायची. "आज बल्ब कंदिलावानी जळून राह्यला. दुप्पट वेळ लागन," असे म्हणायची आणि तेवढा वेळ मला चालू ठेवायची. उन्हाळा म्हणजे दुप्पट वेळ, हा पुढे त्या घरातला नियमच होऊन बसला.

नानकटाईवर लावायची चारोळी सोमारीबाई आणायची. ती जंगलातल्या गावची. मोहाची फुले वेचायची, चाराची फळे फोडून चारोळी काढायची आणि आठवडी बाजारात विकायची. तिची मुलगी स्वाती रुखमाबाईच्या हातावर जन्मली, तेव्हापासून दोघींचे गूळपीठ जमले. बाजार आटोपला की सोमारीबाई अंगणात येऊन बसे, नानकटाई खाई, गप्पा मारी. पण स्वयंपाकघरात ती कधी आली नाही. रुखमाबाईने शंभरदा बोलावले असेल. "राहू द्या सिस्टरबाई, माहे पाय धुळीचे हायेत," एवढेच ती म्हणायची. बावीस वर्षे तिची चारोळी या घरात आली, आणि तिचा चेहरा मी काचेतून एकदाही पाहिला नाही. याचे मला फार नवल वाटायचे.

पुढे माझी काच गेली. रुखमाबाईचा मुलगा धम्मदीप नऊ वर्षांचा होता. काचेवर वाफ धरली होती आणि त्याला केक बघायचा होता. त्याने ओले फडके घेतले आणि तापलेली काच पुसली. तड्! मी त्याला दोष देत नाही. आत काय चालले आहे हे बघण्याचा मोह मला कळतो. भांड्यांना जोड देणाऱ्या पोचूने त्या जागी तुपाच्या डब्याचा पत्रा ठोकून दिला. काम भागले, पण मी आंधळा झालो. आता कोणी डोकावेना, म्हणून माझ्या हातून केक करपू लागले आणि बोलणी मला बसू लागली. लहानूभाऊ गेले. धम्मदीप मोठा झाला, नोकरीला लागला आणि त्याने आईसाठी मायक्रोवेव्ह आणला. मी कपाटाच्या माथ्यावर चढलो. माझ्या पोटात कुकरच्या जुन्या रिंगा, बटणे आणि लोकरीचा अर्धा गुंडा येऊन राहिला. खरे सांगतो, मला फार वाईट वाटले.

यंदा वैशाखात, एका शनिवारी सकाळी, खाली ओळखीचा आवाज आला. स्वाती आली होती. ती नागपूरला हॉटेलचा स्वयंपाक शिकली होती, पण सहा महिने झाले तरी मनासारखे काम मिळत नव्हते.

"मावशी, राजुऱ्याचे श्रीहरीभाऊ चंद्रपुरात नवं हॉटेल काढून राह्यले," ती सांगत होती. "सिरोंच्याले लग्नाले गेले हायेत. परत जाताना चार वाजता इथी थांबतो म्हणाले. त्यायले आपल्या जंगलातलं काहीतरी गरम पायजे, जेवणाच्या आधी देण्यासारखं. आवडलं तर काम देतीन."

"अन् नाई आवडलं तर?"

"तर हैदराबादले पॅकिंगच्या कारखान्यात. तिथल्या लोकायनं सोमवारी बोलावलं हाय."

हे ऐकून अंगणात बसलेल्या सोमारीबाईने पदराची गाठ घट्ट आवळली. एकुलती पोर तेवढ्या दूर जाणार, हे तिच्या मनाला लागले असावे.

स्वातीने बर्फाच्या डब्यातून एक पांढरी चकती काढली. तिच्या शिक्षिकेने दिलेले चीज होते ते. बाहेरून मऊ साल, आतून लोण्यासारखे. चकती एकच होती. वरून खाच पाडायची, त्यात मधात भिजवलेला मोह, पिकल्या टेंभराचे, म्हणजे तेंदूच्या फळाचे, तुकडे आणि चारोळी भरायची आणि चकती भाजायची. बाहेरून ती उभी राहिली पाहिजे आणि सुरी लावताच आतून धार लागली पाहिजे.

"अन् हे जेवणाच्या आधी खायाचं?" सोमारीबाईने अंगणातून विचारले. "मंग जेवणाले पोटात जागा कुठी राह्यन?"

स्वाती हसली. तिने आधी पनीरचा एक तुकडा मायक्रोवेव्हमध्ये ठेवून पाहिला. तो निघाला रबरासारखा. "मावशी, याच्यात वरून लाल होत नाई," ती हिरमुसून म्हणाली. रुखमाबाईने मान वर केली. "मंग त्या म्हाताऱ्याले उतरव."

म्हातारा म्हणजे मी! रिंगा, बटणे आणि लोकर टेबलावर गेली. माझे पोट घासून पुसून लख्ख झाले. प्लग लागला आणि कितीतरी वर्षांनी कॉइलमध्ये ऊब आली. चीज काय असते ते मला ठाऊक नव्हते. ते केकसारखे फुगते की नानकटाईसारखे तडकते? मला कधी एकदा कळते असे झाले.

"मॅडमनं पंधरा मिन्टं सांगितली होती," स्वाती म्हणाली.

"ते नागपुरात. इथी उन्हाळ्यात दुप्पट," रुखमाबाईने ठासून सांगितले. सवयीने तिने वर बल्बकडे बघितलेही. पण मित्रांनो, तिथे आता पिवळा बल्ब नव्हता. नवा पांढरा दिवा होता, आणि तो वोल्टेज कमी असो की जास्त, सारखाच जळतो. त्याच्याकडे बघून तिला काय कळणार?

मला मात्र कळले. माझी कॉइल पाच मिनिटांतच लालबुंद झाली. असा दणदणीत करंट मला अहेरीत कधी मिळालाच नव्हता. पंधरा मिनिटे झाली, वीस झाली. कोणी तरी बघा, असे मला ओरडावेसे वाटत होते. पण काचेच्या जागी पत्रा होता, आणि पत्र्यातून कोण डोकावणार?

तेवढ्यात अंगणातून धावत पावले आली. धुळीची पावले, सरळ स्वयंपाकघरात.

"सिस्टरबाई, उघडा! मोह जळून राह्यला!"

"अजून दहा मिन्टं हायेत, सोमारी."

"मले घड्याळ नाई समजत. मले मोहाचा वास समजते. उघडा म्हणते ना!"

झाकण उघडले. चकती फुटली होती. अर्धे चीज ताटलीभर वाहिले होते आणि वरचा मोह कोळशासारखा काळा पडला होता. स्वाती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. तिने डोळ्यांना ओढणी लावली. मला वाटले, झाले, आता आपली जागा कपाटावरही नाही.

सोमारीबाई पहिल्यांदाच या खोलीत आली होती, म्हणून इकडेतिकडे बघत होती. बघता बघता तिने विचारले, "काऊन हो सिस्टरबाई, तुमचा पंखा एवढा काऊन पळून राह्यला?"

रुखमाबाईने वर पाहिले. पंखा खरेच वाऱ्याच्या वेगाने फिरत होता. तिने कपाळावर हात मारला. "अगं माय! हिवाळ्यात नवं ट्रान्सफॉर्मर बसलं गल्लीत. वोल्टेज फुल हाय, अन् मी जुना हिशेब धरून बसली! चूक माही हाय, पोरी."

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. दुसरे चीज साऱ्या अहेरीत मिळणार नव्हते. स्वातीने डोळे पुसले आणि फडक्याने धरून ताटली खाली घेतली. मग तिने एक बोट मधल्या भागात बुडवून चाखले.

"मधलं नाई जळलं," ती हळूच म्हणाली. मग उठली. "मावशी, म्हशीचं दूध हाय का?"

आणि मग मी जे ऐकले, तसे कधी ऐकले नव्हते. दूध उकळले, लिंबू पिळले, दूध फाटले, फडक्यात बांधले, वरवंट्याखाली दाबले. ओल्या पनीरची एक जाडसर वाटी तिने हाताने थापली. ताटलीतले न जळलेले चीज खरवडून त्या वाटीत भरले. पनीर वितळत नाही, म्हणजे भिंत उभी राहणार. आतले चीज वाहणार. सोमारीबाईने पदराच्या गाठीतून आणखी मोह काढून दिला. त्यातले एक फूल तिने आधी आपल्या पूर्वजांच्या नावाने बाजूला ठेवले, आणि मग बाकीचे मधात टाकले.

मला पुन्हा चालू केले तेव्हा घड्याळाकडे कोणी बघितले नाही. सोमारीबाई माझ्या झाकणाशी नाक नेऊन बसली. "यायो, अजून?" स्वाती आपल्या बोलीत आईला विचारी. "अजून कच्चा हाय... आता गोड वास सुटला... थांब... थांब... काढ!" मित्रांनो, त्या दिवशी सोमारीबाईच माझी काच झाली होती.

श्रीहरीभाऊ तेव्हा दारात उभेच होते. पोट सुटलेला, घामेजलेला, बोलायला मोकळा माणूस. आत आल्या आल्या त्यांना ओट्यावरची करपलेली ताटली दिसली. "हे काय हो?"

स्वातीला ती लपवता आली असती. तिने नाही लपवली. "पहिलं फसलं, भाऊ. वेळ चुकली. हे दुसरं हाय. थोडं त्याच्यातलंच, थोडं घरचं."

पळसाच्या पानावर तिने वाटी ठेवली आणि सुरी लावली. पनीर उभे राहिले आणि आतून चीजची धार आली, तिच्याबरोबर तांबूस मोह आणि टेंभराचे तुकडे. वरची चारोळी कुरकुरली. श्रीहरीभाऊंनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा झाल्यावर बोट चाटत म्हणाले, "मोह म्हणजे आमाले एकच गोष्ट माहीत, दारू! हा असा लागते?"

"तुमी कधी खाऊन पाह्यलाच नसन," सोमारीबाई म्हणाली, आणि सगळे हसले.

"ज्यानं फसलेलं दाखवलं, त्याच्या हाती भटारखाना देता येते," श्रीहरीभाऊ म्हणाले. "एक तारखेले ये, पोरी." मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "अन् हा म्हातारा मले द्या. हॉटेलात दर्शनी ठेवतो, शोभेले."

"शोभेले नाई देत," रुखमाबाईने तिथल्या तिथे सांगून टाकले. "तो कामाचा हाय." मित्रांनो, हे ऐकून माझी थंड होत आलेली कॉइल पुन्हा ऊबदार झाली. निदान मला तसे वाटले.

पुढच्या महिन्यात स्वाती सुट्टीवर आली. हैदराबादच्या मानाने चंद्रपूर अहेरीपासून इतके जवळ, की सोमारीबाईला आता पोरीची वाट बघत दिवस मोजावे लागत नव्हते. स्वातीने पिशवीतून आपला पांढरा अ‍ॅप्रन काढला आणि त्याची घडी सोडली. आत एक गोल काच होती, माझ्या झाकणाच्या मापाची कापून आणलेली. माप तिने त्या दिवशी जाताना दोऱ्याने घेतले होते म्हणे! धम्मदीपही घरी आला होता. पोचूचा पत्रा त्याने स्वतः उचकटला आणि काच बसवली. मग आईने न सांगताच म्हणाला, "हिले ओलं फडकं लावायचं नाई."

तुम्हाला एकच सांगतो, मित्रांनो. घरातली जुनी वस्तू काम बिघडवू लागली, तर तिला नावे ठेवण्याआधी तिचे काय मोडले आहे ते बघा. कदाचित एवढीशी काच हवी असेल. आणि तिच्याकडे अधूनमधून डोकवा. माझ्यासारख्याला तेवढेच पुरते.

त्या दिवशी नानकटाई लावली होती, वर सोमारीबाईची चारोळी. ती पाय न धुताच सरळ आत आली, ओट्याशी वाकली आणि काचेला कपाळ टेकून बघू लागली. तिचे डोळे हळूहळू मोठे होत गेले.

"अगं बाई," ती म्हणाली, "हे आतमंधी अशी फुलते का?"

मी बावीस वर्षे त्या चेहऱ्याची वाट बघत होतो. नानकटाई कशी झाली, हे त्या दिवशी मला कोणी सांगण्याची गरज पडली नाही.