टिलमनच्या नावावर एकमत

बर्नीच्या दुकानात कॉमिक्सचे नवे अंक बुधवारी येतात, आणि बुधवारी संध्याकाळी मागच्या टेबलावर भांडण असतं. सरोवरावरून बर्फाचं वादळ येऊन सगळं ईरी शहर ठप्प झालं तरी ते भांडण कधी बंद पडलं नव्हतं. विषय एकच: सॉल्टहॉकचा सर्वांत मोठा लेखक कोण?

सॉल्टहॉक म्हणजे दिवसा बंदरावर क्रेन चालवणारा आणि रात्री पंख लावून शहर राखणारा माणूस. त्याचा अंक कित्येक वर्षं दर महिन्याला निघतो आहे. त्याला लिहिणारे आले आणि गेले, आणि टेबलावरच्या चौघांचा प्रत्येकाचा आपला एक ठरलेला. ज्याने त्याला जन्माला घातलं तो मर्सर हा ओटिसचा माणूस. ग्लेनची डोरा केम्प, जिने गोष्टीत सॉल्टहॉकचा भाऊ मारला आणि पुढे अनेक वर्षं त्याला परत जिवंत केलं नाही. बर्नीचं मत त्या आठवड्यात तिघांपैकी ज्याच्याशी सर्वांत कमी बिनसलं असेल त्याच्या लेखकाला. आणि हालिनाच्या वडिलांचा, कॅझचा, हॉवी टिलमन.

टिलमनचं नाव काढलं की टेबलावर हशा पिकायचा. टिलमन हा भरतीचा लेखक. मुख्य लेखकाची गोष्ट वेळेवर आली नाही की छापखाना थांबू नये म्हणून त्याच्याकडून एखादा अंक लिहून घ्यायचे. त्याने कोणाला मारायचं नाही, कोणाचं लग्न लावायचं नाही, सगळं जिथल्या तिथे ठेवून निघून जायचं.

चौघांचं एकमत झालं तरच गल्ल्यामागच्या पाटीवर नाव लिहायचं, असा नियम होता. एकमत कधीच झालं नव्हतं. कॅझला जाऊन महिना होत आला होता, आणि आज बर्नीने त्याच्या जागी हालिनाला फोन करून बोलावून घेतलं होतं.

हालिना कोलंबसहून गाडी चालवत आली होती. दुकानात आल्यापासून ती बसली नव्हती. अंकांच्या खोक्यांपाशी जात होती, एखादा अंक अर्धा वर काढून परत खाली ढकलत होती. गाडीची किल्ली तिच्या मुठीतच होती.

"बस ना पोरी," ओटिस म्हणाला. "तुझ्याकडे बघून माझे गुडघे दुखायला लागलेत."

"ठीक आहे मी."

बर्नीने घसा खाकरला. ती उंच, किडकिडीत, पासष्टीची बाई. एरवी तिचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. आज तो बसल्यासारखा होता. "आम्ही ठरवलंय. टिलमन. तिघांचंही मत. नाव तू लिहायचंस." तिने हालिनाच्या हातात खडू दिला.

"टिलमन?" हालिनाने ग्लेनकडे पाहिलं. "तुम्हीसुद्धा?"

ग्लेन टेबलाच्या कडेला बोट घासत राहिला. "तुझे वडील फार समजूतदार वाचक होते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं."

समजूतदार! या माणसाने तिच्या वडिलांना तिच्या देखत बिनडोक म्हटलं होतं, आणि वडील त्यावर खूश होऊन रात्री जेवताना ते आईला सांगत बसले होते. आता तिघंही देवळात बसल्यासारखे हात जोडून बसले होते. अंत्यविधीच्या दिवसापासून सगळे असेच बोलत होते. शेजारी, चुलतभाऊ, चर्चमधल्या बायका, सगळ्यांच्या लेखी कॅझ एकाएकी संत झाला होता, आणि त्या संताला हालिना ओळखत नव्हती. एवढं एक टेबल उरलं होतं, जिथे तिचे वडील अजून कोणाला तरी चूक वाटत असतील. त्या आशेने तर ती आली होती. पाटीवर नाव पडलं की तेही मिटलं.

तिने खडू टेबलावर ठेवला. "मला मान्य नाही."

"काय मान्य नाही?"

"टिलमन. माझं मत केम्पला."

बर्नी तिच्याकडे बघतच राहिली. "अगं, तुझ्या बापाचा माणूस आहे तो!"

"म्हणून काय झालं? डॅडची अंकांची खोकी मी परवापर्यंत वाचत होते. टिलमनच्या गोष्टीत लिफ्ट अडकते, एक म्हातारी केक घेऊन आत बसलेली असते, लिफ्ट उघडते, संपलं. पुढच्या महिन्यात निस्तरायला दुसरं कोणी असतंच. केम्पने मारलेला भाऊ पुढच्या महिन्यातही मेलेलाच असतो. त्याच्या पुढच्या महिन्यातही. ते लिहायला छाती लागते."

"बरोबर आहे," ग्लेन न राहवून म्हणाला आणि ओशाळून परत टेबलाची कड घासू लागला.

हालिना आता थांबेना. "तो ताटाचा अंक घ्या. भाऊ गेल्यानंतरचा. सॉल्टहॉक सवयीने दोघांसाठी ताटं मांडतो, मग एक उचलून धुऊन ठेवतो. कोरंच ताट, तरी धुतो. शेवटपर्यंत एक शब्द नाही. केम्पने दुसरं काही लिहिलं नसतं तरी ती पहिली ठरली असती!"

ओटिस छताकडे बघू लागला. त्याचे खांदे हलत होते.

"हसताय काय?"

"ग्लेन, तू सांग," ओटिस म्हणाला. "तुझं दुखणं आहे ते."

ग्लेनने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तो अंक केम्पचा नाही," तो नाइलाजाने म्हणाला. "तिला त्या महिन्यात जमलं नव्हतं. टिलमनने लिहिलाय तो. पहिल्या पानावर तळाशी बारीक अक्षरात नाव आहे. कोणी वाचत नाही."

हालिनाचा चेहरा तापला. आपण वडिलांच्याच हातात हुकमाचा पत्ता देऊन बसलो, हे तिला कळलं. ते समोर असते तर टेबलावर थाप मारून उभे राहिले असते.

"असेल टिलमनचा," ती म्हणाली. "पण ताट कोरं कोणामुळे राहिलं? केम्पने भाऊ मारला म्हणून! नाहीतर टिलमनने काय, दोघांना सूप वाढलं असतं?"

"तेच!" ग्लेन उठून उभा राहिला. "हेच मी इतकी वर्षं घसा फोडून सांगतोय!"

"तू बस खाली!" ओटिस ओरडला. "मारणं कोणालाही येतं. मर्सरने पहिल्याच अंकात अर्धं बंदर मारलं होतं."

"तुझा मर्सर मध्ये आणू नकोस."

"आणणार! आणि तू आताच टिलमनला मत दिलं होतंस, पळपुट्या!"

"मी भिडेखातर दिलं होतं!"

"मग मीही भिडेखातरच दिलं होतं!" बर्नी गरजली. तिचा आवाज आता रस्त्यापर्यंत गेला असावा. दाराशी अंक चाळणारं एक गिऱ्हाईक दचकून मागे वळलं. "त्या टिलमनला धड खलनायक तरी लिहिता येतो का? त्याचे सगळे चोर शेवटी माफी मागतात!"

"पण सूपवाला मुद्दा चुकीचा आहे," ओटिस हालिनाकडे वळून म्हणाला. आता त्याच्या आवाजात गुळमुळीतपणा अजिबात नव्हता. तो तिला तोडायलाच निघाला होता. "पार चुकीचा. ग्लेन दर वर्षी हाच मुद्दा मांडतो आणि दर वर्षी तोंडावर आपटतो. याच्यावर कॅझ काय म्हणतो, माहीत आहे तुला?"

हालिनाने खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसली.

"काय म्हणतो?" तिने विचारलं.