न ऐकलेलं पान

बिट्टी घडाघडा वाचत होती आणि समोर बसलेल्या तिच्या बाबांचा ऊर भरून येत होता.

छपरावर चढून बसलेल्या शेळीची गोष्ट होती. वाचनाच्या शिकवणीच्या बाई शेजारच्या खुर्चीत होत्या. शिकवणी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर चाले आणि तेवढा वेळ त्यांचे यजमान स्वयंपाकघरात हद्दपार होऊन, आवाज न करता भांडी विसळत बसत. पान संपत आलं. 'शेळी खाली बघून म्हणाली,' आणि पान उलटायच्या आधीच बिट्टी पुढचं म्हणून गेली, 'मला शिडी नको.' पान उलटायला हात मागाहून आला.

बाईंनी ते टिपलं. पोरगी वाचत नव्हती. गोष्ट तिला तोंडपाठ होती. आणि पाठ करून दिली कोणी? बाईंनीच. अक्षरांची धास्ती वाटू नये म्हणून रोज आधी स्वतः वाचून दाखवायची हौस ना!

बाबा मात्र हवेत होते. ते लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. शाळेत हिच्या वाचनाचा उगाच बाऊ करतात, म्हणाले. सोमवारी शाळेतल्या मोठ्या बाई तिला वाचायला लावणार आहेत, तेव्हा बघतीलच. मग हात जोडून त्यांनी बाईंचे उपकार मानले आणि आता शिकवणी पुरे, असंही सांगून टाकलं.

बाईंना संतापच आला. ही पोर आळशी नाही, हुशार आहे, पण अक्षरं तिच्या डोळ्यांसमोर स्थिर राहत नाहीत, तिला वेळ लागणार, हे याच माणसाला त्यांनी कितीदा घसा कोरडा करून सांगितलं होतं. दर वेळी मान डोलवायचा आणि जाताना विचारायचा, 'पण फाडफाड कधी वाचेल?' आता गप्प बसावं, तर सोमवारी शाळेत अनोळखी पुस्तक पुढ्यात येणार, पोर तोंडघशी पडणार आणि सावरायला शिकवणीही नसणार. बोलावं, तर आत्ताच तिचा पाणउतारा. बिट्टी त्यांच्याकडे बघत होती. सांगू नका, एवढंच त्या डोळ्यांत होतं.

बाईंनी बाबांना पाच मिनिटं बसायला सांगितलं. दुसरं पुस्तक उघडलं आणि खिडकी पाडलेला जुन्या खोक्याचा पुठ्ठा त्यावर ठेवला. खिडकीतून एकच ओळ दिसत होती.

"हे मी तुला वाचून दाखवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "जमेल तेवढंच वाच."

बिट्टीचा चेहरा उतरला. तरी तिने ओळीवर बोट ठेवलं. 'मांजर.' पुढच्या शब्दावर ती अडखळली, मागे गेली, परत आली, ओठावर घाम फुटला. शेवटी एकेक अक्षर ओढून आणल्यासारखं तिने तो जुळवला. 'खिडकीत.' स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

हे दोन शब्द तिच्या कानात कुणीही घातले नव्हते.

बाबांच्या हातातल्या किल्ल्या वाजायला लागल्या होत्या. "मघाशी किती छान वाचलंस. आता काय झालं?"

"मघाशी ती पाठ म्हणत होती," बाई म्हणाल्या. "ती माझी चूक. वाचतेय ती आत्ता."

बाबा पुस्तकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला मघाचंच बरं वाटलं होतं." रागाने नाही, थकून म्हणाले, आणि बाईंना तेच जास्त लागलं.

"तुमच्याकडे शिकायला येणाऱ्याची गाडी चौकात बंद पडते, तेव्हा काय करता?"

"थांबतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देतो."

"मग इथे का नाही थांबत?"

"ते परके असतात हो. ही माझी आहे."

बाबा उठले. चल, म्हणाले. दारात जाऊन त्यांनी बूट चढवले आणि वळून पाहिलं, तर बिट्टी जागची हलली नव्हती. बोट पुठ्ठ्याच्या खिडकीतच होतं.

"थांबा ना बाबा," ती मान वर न करता म्हणाली. "ओळ राहिलीय."

आणि ती तिसऱ्या शब्दाला भिडली. पहिलं अक्षर चुकलं, ते तिने सोडून दिलं आणि पुन्हा धरलं. बाबा दारातच उभे राहिले. वाजू नयेत म्हणून किल्ल्या त्यांनी मुठीत गच्च धरल्या होत्या.