ओळंब्याला खोटं बोलावंसं वाटलं तेव्हा

मी एक जुना ओळंबा आहे, मित्रांनो. दोरीला बांधलेलं टोकदार पितळी वजन, एवढंच माझं रूप. भिंत सरळ आहे की कलली, ते मी सांगतो. मला घडवणाऱ्या कारागिराने माझं टोक डोळ्यासमोर धरलं आणि तो म्हणाला, "हा सरळ निघाला." तेवढ्या एका वाक्यावर मी जन्म काढला.

मला एका गवंड्याने नेलं. मिस्त्री देवभीरू माणूस. विटांचा प्रत्येक थर झाला की भिंतीच्या कडेला मला सोडायचा आणि माझं हेलकावणं थांबेपर्यंत टोपी काढून प्रार्थना करायचा, "प्रभू, हात माझे, वाट तुझी." मग वाकून माझ्याकडे बघायचा. वीट चुकली असेल तर कुरकुर न करता काढायचा. त्याच्या भिंती बघायला लोक लांबून यायचे, आणि मला उगाचच वाटायचं की ते मलाच बघायला येतात.

कौतुकाने घात केला. "मिस्त्रींची नजर म्हणजेच ओळंबा," असं जो तो म्हणू लागला. हरभऱ्याच्या झाडावर चढायला शिडी लागत नाही. हळूहळू मी पिशवीच्या तळाशी गेलो आणि माझ्याबरोबर ती प्रार्थनाही गेली. चर्चच्या बालवर्गाची खोली बांधताना बायकोने एकदा विचारलं, "अहो, ओळंबा लावला का?"

"तीस वर्षं काय झोपा काढल्या मी?" मिस्त्री म्हणाला.

छप्पर चढायच्या आदल्या दिवशी त्याची लेक मेंढपाळाच्या रूपातल्या प्रभूचं चित्र घेऊन आली. त्या खोलीत तीच मुलांना शिकवणार होती. तिला धीर कुठला! तिने खिळा ठोकून चित्र लावलंसुद्धा.

"बाबा, चित्राची खालची कड भिंतीला टेकत का नाही?"

मिस्त्रीचा चेहरा पडला. त्याने पिशवी उपडी केली आणि मला वरून सोडलं. पायाशी माझ्यात आणि भिंतीत चार बोटं अंतर होतं. भिंत आत झुकली होती, जिथे मुलं बसणार होती तिकडे.

ठेकेदार म्हणाला, "गिलाव्यात झाकून टाकू. कुणाला कळतंय?" चर्चचे पाळक म्हणाले, "रविवारी उद्घाटन आहे, मिस्त्री. विश्वास ठेवा, काही होत नाही." सगळेच शहाणे.

ते गेल्यावर मिस्त्री विटांच्या तुकड्यांवर गुडघे टेकून रडला. "देवा, एकदा म्हण, चालेल. फक्त एकदा." त्याने मला पुन्हा सोडलं. मग पुन्हा. सात वेळा. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला खोटं बोलावंसं वाटलं. चार बोटं सरकावं आणि या दमलेल्या माणसाला घरी जाऊ द्यावं. पण मला खाली ओढणारा हात माझा नाही. मी सरकलो नाही, आणि त्याचं दुःख मला अजून आहे.

शेवटी त्याने घण उचलला. पहिला घाव भिंतीवर बसला आणि कण्हला मिस्त्री. आवाज ऐकून पाळक धावत आले.

"वेड लागलं का, मिस्त्री? कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

मिस्त्रीने घाम आणि आसवं एकाच बाहीला पुसली. "ज्याला विचारायचं सोडलं होतं, त्यानं."

मित्रांनो, मला घासूनपुसून कपाटात ठेवू नका. माझी एकच विनवणी आहे. विचारायचं तर पहिल्याच थराला विचारा. तेव्हा एकच वीट काढावी लागते.