जर्सीला खिसा नसतो

मी कॉम्प्युटरच्या पार गाभ्यातला कोड लिहिते, आणि तोही शिवाजी पेठेत, घरच्या माळ्यावर बसून. कुणी विचारलं तर आबा सांगतात, "पोरगी लॅपटॉप दुरुस्त करती." आता कुठं वाद घालायचा!

आबा म्हणजे माझे वडील, आकाराम. तरुणपणी तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर. हल्ली त्यांना विसरायला होतं. घरात आम्ही दोघंच. म्हणून सकाळी ते उठले की मी सगळं जागच्या जागी लावून देते: कानातलं मशीन, गोळ्या, सदऱ्याच्या खिशात माझ्या फोन नंबरची चिठ्ठी. एकदा लावलं की दिवसभर घोर नाही, असा माझा हिशेब.

त्या दुपारी आबा झोपले होते आणि मी वर फोनवर झिशानशी भांडत होते. झिशान आमच्या टीममधला, शिरोळचा. लॅपटॉप सुरू होताना प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला, म्हणजे त्याच्या प्रत्येक मेंदूला, माहितीच्या चोरीपासून वाचवणारी एक सेटिंग लावली जाते. पण लॅपटॉप झोपून उठला, की पहिल्या कोअरची सेटिंग गायब!

"बाकीचे कोअर उठताना नव्यानं सुरू होतात, त्यांना ती परत लागते की," मी म्हटलं. "पहिला थेट जागा होतो. त्याला कोण लावणार?"

"पण ताई, त्याचं तर सुरुवातीलाच झालंय न्हवं?"

"झालंय, आणि झोपेत पुसलंय! डोकं हाय का खोकं?"

तावातावानं खाली आले तर खाट रिकामी. मशीन उशाशी, सदरा खुंटीला, चिठ्ठी खिशात. ट्रंक उघडी होती आणि त्यातली जुनी जर्सी तेवढी नव्हती. जर्सीला खिसा नसतो.

तालीम, म्हशीचं ताजं दूध मिळतं तो दूध कट्टा, सगळं पालथं घातलं. मॅचचा दिवस, पेठ सगळी मैदानावर, विचारायचं कुणाला? रस्त्यात उभी राहून रडले, खोटं कशाला सांगू. सकाळी लावलंय म्हणून बिनघोर बसलीस व्हय गं, भवाने!

तेवढ्यात एक मोटरसायकल येऊन थांबली. मधे आबा, पुढं-मागं दोन गडी. त्यांच्या अंगात पलीकडच्या पेठेचे टी-शर्ट. मैदानात आमचं ज्यांच्याशी कायम वाजतं, तेच.

"आमच्या चौकात उभं हुतं म्हातारं, गोलात उभारल्यागत हात पसरून," पुढचा म्हणाला. "नाव सांगंना, गाव सांगंना. पर जर्सी वळकीची. म्हटलं, पेठेत न्हेऊन सोडूया."

"मॅच कुणी मारली?" एवढंच निघालं तोंडातून.

"तुमीच की," तो तोंड वाकडं करून म्हणाला आणि त्यानं आबांना हात धरून उतरवलं.

दुसऱ्या दिवशी मी कोडमध्ये चार ओळी घातल्या. झोपून उठलं की पहिल्या कोअरलाही सेटिंग परत लावायची, आधी लावलीय का ते विचारायचं नाही. झिशाननं मुकाट्यानं मान्य केलं. मग जर्सीच्या आत माझा नंबर शिवला.

आता दुपारीही आबांच्या उठायच्या वेळी मी खाटेशी बसते. मशीन लावते आणि पहिल्यापासून सांगते, "आबा, मी संयोगिता. तुमची पोरगी. हितंच हाय."

काल त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"नाव इसरतो गं मी," ते म्हणाले. "पर घरात कोणतरी आपलं हाय, एवढं झोपेतबी ठावं असतंय. न्हायतर झोप लागली असती व्हय?"