कुणाचेच नसलेले नाव

“आई परत आली. आता तिला कुठे जाऊ देणार नाही.”

लहानग्या सुंदरीला मांडीवर घेऊन तिचे वडील, अण्णा, आल्यागेल्याला असे सांगत. आनंदाने ओला झालेला तो आवाज इतक्या वर्षांनीही तिच्या कानातून निघाला नव्हता. आजी गेली त्याच वर्षी ती जन्मली, म्हणून नाव आजीचे; आणि नावामागोमाग आजीचा पाट, आजीचे देव, आजीचे हे घर. पापनाशम गावचे स्थळ आले तेव्हा अण्णा म्हणाले होते, आईला कोणी सासरी पाठवितो काय? सगळे हसले. तीही हसली होती. पुढे स्थळे यायची थांबली, आणि अण्णा तिला ‘आई’च म्हणत राहिले.

आज ती साडीच्या झोळीवर वाकली होती. आत तिच्या भावाचा, कार्तिकेयचा, मुलगा मुठी वळून निजला होता. बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा. नाव अण्णांनी ठरविले होते, त्यांच्या वडिलांचे: रघोजी. बाबाही घरी आले, असे ते सकाळपासून भेटेल त्याला सांगत होते. कार्तिकेय खाली मान घालून केळीची पाने पुसत होता. तो बायकोला नाही म्हणाला नव्हता, बापालाही नाही.

बायको ग्लोरी, ख्रिस्ती घरातली. तिच्या मनात आदाम हे नाव होते. काल चिंच कोळताना सुंदरीने तिला विचारले, तुमच्यातला तो पहिला पुरुष ना? ग्लोरी म्हणाली, तो तर खराच. पण मूळ भाषेत तो शब्द एकट्या त्याचा नाही. आदाम म्हणजे माणूस. मातीतून आलेला, कुणीही.

“मग त्याला नाव कुणाचं ठेवलं?”

“त्याच्या आधी होतंच कोण, अक्का?”

सुंदरीचा हात चिंचेच्या पाण्यात तसाच राहिला होता.

आता तिने पदर आडवा धरला, इवल्या कानाला ओठ लावले आणि सांगितले. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत हलके धपाटे घातले. बाळाने डोळे उघडले.

“मोठ्यानं सांग, आई,” अण्णा खुर्चीतून म्हणाले. “काय नाव ठेविलंस?”

“आदाम.”

कार्तिकेयचा हात पानावर थांबला. कुणीतरी हसू लागले.

“आई?” अण्णांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

सुंदरी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली. त्यांच्या गुडघ्यावर तिने हात ठेवला.

“मी तुमची आई नव्हे, अण्णा.”